घरी कारच्या कामासाठी एअर इम्पॅक्ट गन (हवेच्या दाबावर नट सोडवणारं हत्यार) कोणती घ्यावी? कॉम्प्रेसर 25 लिटरचा आहे.

अर्धा इंच ड्राइव्हची (ड्राइव्ह म्हणजे सॉकेट बसतो तो चौकोनी दांडा), नट सोडवताना 500 ते 700 न्यूटन-मीटर जोर देणारी गन घ्या. चाकांपासून सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत तेवढी पुरते. छोट्या कारच्या चाकांचे नट साधारण 100 न्यूटन-मीटरला आवळतात, पण गंज धरला की सोडवायला कितीतरी पट जोर लागतो. मात्र खोक्यावरचा आकडा गनपाशी 90 पीएसआय दाब टिकला तरच खरा. तुमच्या टाकीतला दाब काही सेकंदांत उतरेल, त्यामुळे एक-दोन नट सोडवून थांबावं लागेल. चाकं काढायला हे चालतं, तासभर सलग कामाला नाही. गनपेक्षा लोक पाइपात फसतात: कॉम्प्रेसरबरोबर येणारा बारीक स्प्रिंगसारखा पाइप दाब खातो, आतून 10 मिमीचा घ्या. गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, काळ्या, इम्पॅक्टच्याच हव्यात. चकचकीत क्रोमच्या गोट्या फुटून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात, तेव्हा चष्माही लावाच. आणि कृपा करून चाकाचे नट गनने आवळू नका. आटे हाताने धरवा, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोराला आवळणारा पाना) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा, नाहीतर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो किंवा तुटतो.