थर सुटतात कसे, यावर पीएचडी करावी का?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लवचीक सेंद्रिय सौरघटांमधले (कार्बनयुक्त रेणूंपासून बनवलेल्या सोलर सेलमधले) थर एकमेकांना कसे चिकटून राहतात, या विषयावर पीएचडी करण्याची संधी चालून आली आहे. माझ्या मैत्रिणी नवे रेणू बनवण्यावर काम करणार आहेत. बाबा विचारतात, "पाच वर्षं चिकटवण्यावर घालवणार?" मलाही विषय फार अरुंद वाटतो. पुढे नोकरी मिळेल का?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

संशोधक चिंग टँग यांनी १९८६ साली दोन थरांच्या सेंद्रिय सौरघटावरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याची कार्यक्षमता एका टक्क्याच्या आसपास होती. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २० टक्क्यांपर्यंत पोचले आहेत. हे श्रेय मुख्यतः नवे रेणू घडवणाऱ्यांचं. पण तोच घट प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून गुंडाळला, उन्हात तापवला, रात्री थंड होऊ दिला की काम वेगळ्याच ठिकाणी अडतं. प्रत्येक थर उष्णतेने वेगवेगळा प्रसरण पावतो. त्यातून ताण साठतो आणि सगळ्यात कच्च्या जोडावर पापुद्रा सुटतो. सुटलेल्या जागेतून विद्युतभार पलीकडे जाऊ शकत नाही. रेणू उत्तम असला तरी घट तिथे मेलेलाच असतो.

हा जोड किती कच्चा असतो? पी३एचटी आणि पीसीबीएम या दोन सेंद्रिय पदार्थांच्या मिश्रणाचा, प्रकाश शोषणारा थर आणि त्याला लागून असलेला पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचा थर ही जोडी घे. रोलवर छापलेल्या अशा घटांमध्ये हाच जोड सर्वांत दुबळा आढळला. तो सोडवायला लागणारी ऊर्जा मिश्रणाच्या प्रमाणानुसार दर चौरस मीटरला १.६ ज्यूलपासून ०.१ ज्यूलपर्यंत भरली. चांगल्या इपॉक्सीच्या सांध्यात हाच आकडा शंभराच्या पुढे सहज जातो. प्रमाण बदललं, तर जोड सोळापट कमजोर होऊ शकतो! घट बनवल्यावर तो किती तापवला आणि किती वेळ, यानेही चिकटण वाढते. म्हणजे नवा पदार्थ न शोधता, फक्त नीट समजून घेऊन सुधारता येईल अशी बरीच जागा इथे आहे. मला हा विषय मोलाचा वाटतो तो यासाठी.

तू रसायनशास्त्राची आहेस, हीही जमेची बाजू. धातूच्या ऑक्साइडला एका टोकाने आणि सेंद्रिय थराला दुसऱ्या टोकाने धरून ठेवणारे सायलेनसारखे रेणू, प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) पृष्ठभाग तयार करणं, पाण्याची वाफ आत शिरल्यावर पेडॉट-पीएसएसची पकड का ढिली होते, हे सगळं तुझ्या अंगणातलं आहे. ज्या भागाची तुला सवय नसेल तो म्हणजे यांत्रिकी. १०० मायक्रॉन जाडीची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ एक टक्का ताणला जातो, आणि आयटीओ या पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा ठिसूळ थर एक-दोन टक्क्यांच्या आसपास तडकायला लागतो. असे हिशेब तुला सहज करता आले पाहिजेत. फ्रॅक्चर मेकॅनिक्सचा, म्हणजे भेगा कशा पडतात आणि वाढतात या शास्त्राचा, एक पायाभूत अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी कर, टाळू नकोस. रसायनशास्त्रातून आलेल्या मुली इथेच मागे पडतात, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

आता अरुंदपणाबद्दल. फक्त सेंद्रिय सौरघटांवर डोळा ठेवलास तर नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण थर सुटण्याचं दुखणं एकट्या सौरघटाचं नाही. घडी होणाऱ्या फोनचा ओलेड (स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय थरांचा) पडदा, चिपचं पॅकेजिंग, बॅटरीतल्या इलेक्ट्रोडचा लेप, त्वचेवर चिकटणारे वैद्यकीय सेन्सर, रंग आणि लेपन, सगळीकडे कुणीतरी तुटलेला नमुना हातात घेऊन विचारत असतं की हे नेमकं कुठे सुटलं? दोन थरांच्या मधोमध, की एका थराच्या पोटातच? दोन्हींवरचे उपाय निराळे असतात. तुटलेल्या दोन्ही बाजूंचं पृष्ठ-विश्लेषण करून हे ठामपणे सांगू शकणारी व्यक्ती अशा कामांत लागतेच. मैत्रिणींची निवड चुकीची नाही, पण एक रेणू मागे पडला की त्याच्यावरचं कौशल्यही काही अंशी मागे पडतं. तुटण्याचं कारण वाचता येणं मात्र पदार्थ बदलला तरी उपयोगी पडतं.

मात्र हे काम सगळ्यांच्या स्वभावाला मानवत नाही. दिवसभर जपून बनवलेला नमुना संध्याकाळी मुद्दाम फाडायचा, मग तोच प्रयोग आणखी दहा नमुन्यांवर करायचा, कारण तुटण्याचे आकडे फार पसरट येतात. याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच थांब, त्यात कमीपणा नाही. दोन आठवडे त्या प्रयोगशाळेत बसायची परवानगी माग आणि स्वतःलाच पारखून बघ.

आणि होकार देण्याआधी मार्गदर्शकांना थेट विचार, "चिकटण आपण मोजणार कशी?" उत्तर फक्त "चिकटपट्टी लावून ओढून बघतो" असं आलं तर सावध हो. ती चाचणी झटपट तुलनेला बरी, पण तिच्यातून जोडाची ऊर्जा कळत नाही. नमुना दोन ताठ पट्ट्यांमध्ये चिकटवून, भेग किती बलाला पुढे सरकते हे मोजणारी डबल कॅन्टिलिव्हर बीमची सोय त्यांच्याकडे किंवा शेजारच्या यांत्रिकी विभागात आहे का, आणि ती तुला नियमितपणे वापरता येईल का, हे विचार. सहमार्गदर्शक यांत्रिकीतले मिळाले तर फारच उत्तम. ही सोय असेल आणि ते दोन आठवडे तुला जड गेले नाहीत, तर माझं मत होकाराकडे आहे. बाबांना त्या प्रयोगशाळेत एकदा घेऊन जा. सुटलेला पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव.