स्पोर्ट्स कारची किंमत टिकते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: माझे वय 46 असून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा कारखाना आहे. मुलीचे शिक्षण पूर्ण झाले, घराचे कर्ज फिटले, आणि आता तरुणपणापासून मनात असलेली दोन आसनांची गाडी घ्यावी असे वाटू लागले आहे. दिल्लीच्या नोंदणीची, 2011 सालची, सहा सिलिंडरची पोर्शे बॉक्सस्टर 32 लाखांना मिळते आहे. तिचे रनिंग 41,000 किलोमीटर असून नोंदणीची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते. माझे मेव्हणे म्हणतात, ‘ही गाडी म्हणजे सोने आहे, दहा वर्षांनी विकली तरी घातलेले पैसे परत मिळतील.’ पत्नीला हे पटत नाही. दहा वर्षे गाडी ठेवायची झाल्यास तिची किंमत खरोखर टिकेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमच्या मेव्हण्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि ते निम्मे तुमच्याआधीच्या मालकाने स्वतःच्या खिशातून भरलेले आहे. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत किती वेगाने उतरते, हे विमा कंपन्यांच्या ठरलेल्या कोष्टकावरून दिसते. विम्यासाठी धरलेल्या किमतीतून सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला 15 टक्के, तिसऱ्या वर्षात 30 टक्के आणि पाचव्या वर्षात 50 टक्के घसारा कापला जातो, आणि पाच वर्षांनंतर ही किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची असते. बाजारभाव या कोष्टकाप्रमाणे चालतोच असे नाही. आयात केलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर घसरण बहुधा याहून तीव्र असते, कारण पहिल्या मालकाने दिलेल्या रकमेत सीमाशुल्क, जीएसटी आणि रस्ताकर यांचा वाटा फार मोठा असतो आणि दुसरा गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. तुमच्यासमोरची गाडी हा सगळा उतार उतरून आलेली आहे. पंधराव्या वर्षी तिची किंमत बऱ्याच अंशी सपाटीला लागलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी ती 32 लाखांच्या आसपास राहणे अशक्य कोटीतले नाही.

या गाडीच्या बाजूने आणखी काही गोष्टी आहेत. 2016 मध्ये पोर्शेने बॉक्सस्टरला चार सिलिंडरचे टर्बो इंजिन दिले आणि सहा सिलिंडरच्या आवाजाची सवय झालेले शौकीन नाराज झाले. 2020 पासून महागड्या आवृत्तीत सहा सिलिंडर परत आले खरे, पण 2025 मध्ये पेट्रोलवरच्या बॉक्सस्टरचे उत्पादनच थांबले. जे बनायचे थांबते त्याला मागणी राहते, हा अनुभव याच कंपनीच्या 911 ने दिलेला आहे. 1998 पर्यंतच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या 911 गाड्या कधीकाळी नुसत्या जुन्या गाड्या म्हणून विकल्या जात असत, आज त्या संग्राहकांच्या झाल्या आहेत. तुमची गाडी 2011 ची आहे हेही बरे, कारण इंजिनातल्या मधल्या दांड्याचे जे बेअरिंग मोडून आधीच्या अनेक पोर्शेंची इंजिने निकामी झाली, तो भाग 2009 च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनांत उरलेला नाही. गिअरबॉक्सविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. तो हाताने बदलायचा असेल तर पुढे विकताना गिऱ्हाईक जास्त पैसे मोजील, स्वयंचलित असेल तर तुमचा कुंडईचा रोजचा प्रवास सुखाचा होईल.

आता उरलेले निम्मे. बॉक्सस्टर ही दुर्मिळ गाडी नव्हे. 1962 ते 1964 या काळात फेरारीने 250 जीटीओच्या अवघ्या 36 गाड्या बांधल्या आणि त्यांतील एक 2018 च्या लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. असे आकडे वाचून मेव्हणेमंडळींचा उत्साह वाढतो. आपल्याकडचे जवळचे उदाहरण पाहायचे तर यामाहाची आरएक्स 100 पाहावी. 1996 मध्ये बंद झालेली ही मोटारसायकल आज नवी असतानाच्या किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते. मात्र ती कोणत्याही गावातला मिस्त्री खोलून पुन्हा जोडू शकतो. तुमच्या बॉक्सस्टरचे इंजिन आसनांच्या मागे, मध्यभागी दडलेले असते आणि साध्या कामासाठीही गाडी लिफ्टवर चढवावी लागते. ते काम जाणणारी माणसे बहुधा मुंबई किंवा बंगळूरूला भेटतात, आणि तेथवरचा टोइंगचा खर्च तुमच्या अंगावर पडतो.

शिवाय जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला बांधलेली असते, आणि ती दोरी तुमच्या हातात नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा 45 ते 50 टक्क्यांचा बोजा 40 टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या गाड्या स्वस्त झाल्याबरोबर जुन्यांचे भावही खाली ओढले गेले. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिकडच्या गाड्यांवरचे आयातशुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. पोर्शे जर्मन आहे, पण आयात गाड्यांवरचे शुल्क कोणत्या दिशेने चालले आहे हे त्यावरून कळते.

हिशेब मात्र कागदावर मांडून पाहा. समजा, दहा वर्षांनी गाडी बरोबर 32 लाखांना विकली गेली. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर त्या 32 लाखांची आजच्या पैशातली किंमत साधारण साडेएकोणीस लाख होते. तीच रक्कम साडेसहा टक्के व्याजाने चक्रवाढीत ठेवली असती, तर कर वजा जाण्यापूर्वी तिचे सुमारे 60 लाख झाले असते. दहा वर्षांचा विमा, तेलपाणी, टायर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि एखादी मोठी दुरुस्ती यांत आणखी काही लाख जातात. म्हणजे किंमत पुरेपूर टिकली तरी गाडी तुम्हाला फुकट पडत नाही, आणि या बाबतीत तुमच्या पत्नीचे गणित मेव्हण्यांपेक्षा पक्के आहे.

दिल्लीच्या नोंदणीचा मुद्दा थोडा खोलात जाऊन पाहायला हवा. तिथे 15 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांभोवती निर्बंधांची टांगती तलवार असल्याने मालक वेळेआधीच गाड्या काढून टाकतात आणि बाहेरच्या राज्यांना त्या स्वस्त पडतात. ज्यामुळे तुम्हाला भाव चांगला मिळतो आहे ते कारण गाडीच्या अंगात नाही, पत्त्यात आहे. कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीच्या पत्र्याला गंजही कमी लागतो, हा वरचा फायदा. मात्र मुदत संपण्यापूर्वी एनओसी हातात यायला हवी, गोव्याचा रस्ताकर भरायला हवा, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण करायला हवे. आयात केलेल्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क 15 वर्षांनंतर 40,000 रुपये आहे आणि 2025 च्या नव्या दरांप्रमाणे 20 वर्षे उलटली की ते 80,000 होते. तुमच्या दहा वर्षांत दोन्ही टप्पे येतात.

आमच्या मते या सर्वांहून मोठा प्रश्न हा आहे की गाडी गोव्यात कोठे उभी राहणार. दोन पावसाळ्यांपूर्वी एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही किनारपट्टीवरची अशीच एक उघड्या छताची गाडी पाहायला गेलो होतो. चिऱ्याच्या भिंतींचे, वर पत्र्याचे छप्पर असलेले गॅरेज; गाडी प्लॅस्टिकच्या जाड आच्छादनाखाली जून महिन्यापासून झाकलेली. आच्छादन ओढताच ओल्या गोणपाटासारखा वास आला. रंग चकचकीत होता, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला तेव्हा एरवी आत गुंडाळलेला त्याचा भाग हिरवट-काळ्या बुरशीने माखलेला निघाला. आसनांपुढचे गालिचे उचलल्यावर खाली बोटभर पाणी होते. कापडी छताखालचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आंब्याच्या मोहराने आणि पालापाचोळ्याने बुजल्या होत्या आणि पाण्याने आपली वाट आतून शोधली होती. असे पाणी आत साचून विजेच्या यंत्रणेचा एखादा डबा भिजला, तर गाडी सुरूच न होण्याचा धोका असतो. त्या मालकांनी गाडी जिवापाड ‘जपली’ होती, तीन वर्षांत जेमतेम 600 किलोमीटर चालवली होती. आम्ही सांगितलेली किंमत ऐकून ते दुखावले.

तुमचे घर फोंड्याला, म्हणजे खाऱ्या वाऱ्यापासून आत आहे, ही जमेची बाजू. तरीही आपल्याकडचा पाऊस आणि चार महिन्यांची दमट हवा विसरून चालणार नाही. गाडीला हवा खेळती राहील असे पक्के छप्पर द्या. प्लॅस्टिक नको, सुती आच्छादन वापरा. छताच्या नळ्या मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा गणपतीच्या सुमारास साफ करून घ्या. बॅटरीला कायमचा लहान चार्जर लावा आणि पाऊस उघडेल त्या दिवशी गाडी अर्धा तास तरी चालवा, म्हणजे इंजिनातली वाफ निघून जाईल आणि ब्रेकच्या तबकड्यांवरचा गंज घासला जाईल. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. 2011 ची गाडी ते गृहीत धरून बनवलेली नाही आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून अर्धी टाकी घेऊन गाडी महिनोन्‌महिने उभी करणे हा सर्वांत वाईट प्रकार होय. टायरची नक्षी पाहू नका, त्याच्या कडेवरचे चार अंक पाहा. 2319 याचा अर्थ तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, आणि असा टायर गोटा झाला नसला तरी बदलायचाच.

किंमत टिकवणारी आणखी एक वस्तू कपाटात राहते, ती म्हणजे फाईल. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले, दोन्ही चाव्या, मूळ पुस्तिका, आणि केलेल्या कामाची तारीख व किलोमीटर नोंदवलेली पाने यांवर पुढचा गिऱ्हाईक पैसे देतो. मूळ चाके व सायलेन्सर काढून बाजारातले भडक भाग बसवण्याचा मोह होईल. बसवलेच तर मूळ भाग टाकून देऊ नका. विक्रेत्याकडे अशी फाईल असेल आणि जाणकाराने गाडी लिफ्टवर चढवून पाहिली असेल, तर 32 लाखांत थोडी घासाघीस करून ती घ्यावी आणि आणखी निदान चार लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. फाईल नसेल तर ती 25 लाखांनाही महाग आहे.

प्रश्न: अशी गाडी स्वतःच्या नावावर न घेता कंपनीच्या नावावर घेतल्यास विकताना फायदा होतो का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: घेताना होतो, विकताना बहुधा होत नाही. वैयक्तिक वापराची मोटारगाडी ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे ती चढ्या भावाने विकली तरी त्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर पडत नाही. कंपनीच्या नावावरील गाडीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, परंतु प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही, आणि किंमत टिकून राहिलीच तर आधी घेतलेल्या घसाऱ्याचा हिशेब विक्रीच्या वेळी चुकता करावा लागतो. तुमचे सनदी लेखापाल हे अधिक नेमकेपणाने सांगतील. आमचे मत विचाराल तर शौकाची गाडी शौकिनाच्या नावावर असावी.

प्रश्न: वडिलांनी हौसेने घेतलेली सॅन स्टॉर्म ही भारतीय बनावटीची दोन आसनी गाडी आमच्या अंगणात उभी आहे. फारच थोड्या बनल्या म्हणून तिची किंमत वाढत जाईल, असे ऐकतो. ती ठेवावी की विकावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: थोड्या बनल्या हे खरे, पण भाव वाढायला ती हवी असणारी माणसेही लागतात, आणि त्यांची संख्याही थोडीच आहे. सरकारी नियमांतील ‘व्हिंटेज’ नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी असावी लागते, त्यामुळे तो मार्ग तुमच्यासाठी पुढची कित्येक वर्षे बंद आहे. तरी विकण्याची घाई करू नका, कारण आज तिला मिळेल तो भाव तिच्या गमतीच्या मानाने क्षुल्लक ठरेल, आणि रेनोचे 1.2 लिटरचे साधे इंजिन कोणत्याही अनुभवी फिटरला समजण्यासारखे आहे. बॉडी फायबरची असल्याने मडगावच्या पावसात ती वरून धडधाकट दिसत राहील. मात्र खालचा सांगाडा लोखंडी आहे. येत्या रविवारी गाडी जॅकवर घ्या आणि सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडले आहे तेथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठेवा. टोक आत गेले तर आधी वेल्डरला बोलवा आणि विकण्याचा विचार नंतर करा.