अक्षर दुहेरी दिसलं म्हणजे लॉटरी नव्हे

भावा, मंगळवार पेठेत मिळालेल्या नाण्याचा फोटो पाहिला. आकडा दुहेरी दिसतोय खरा, पण हे मशीन डबलिंग आहे, म्हणजे नाणं पाडताना साचा हलल्याने आलेली दुसरी रेघ. किंमत नाण्यावर छापलीय तेवढीच. मीही सुरुवातीला अशी डबाभर जमवली होती, बायको अजून हसते.

आधी 10 पटीचं भिंग घे, दिवा बाजूने धर. मग एवढंच बघ:

- दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी, चकचकीत? आणि मूळ अक्षर बारीक झालंय? म्हणजे ठोका पडताना साचा हलला. सोडून दे.
- दोन्ही रेघा गोलसर, उठावदार, अक्षर जाड आणि टोकाला खाच? साच्यावरच ठसा दोनदा उमटलाय, म्हणजे डबल्ड डाय. जपून ठेव.

अमेरिकेच्या 1955 च्या डबल्ड डाय लिंकन सेंटचा (लिंकनचं चित्र असलेलं एका सेंटचं नाणं) फोटो मोठा करून बघ, नजर बसेल. आणि नाणं घासू नकोस, चिंच तर अजिबात नको!