विशेषणं खोड

पोरी,

चाळिसाव्याच्या जेवणानंतर तू जे बोलणार आहेस त्याचं टिपण वाचलं. याया, तुझी ग्रीक आजी, म्हणजे प्रेमाचा सागर, कष्टाळू, श्रद्धाळू, सगळ्यांना सांभाळून घेणारी. यात तुझी याया कुठे आहे? तिच्या कुंपणाला कुंपण लावून मी इतकी वर्षं राहिले, मला तरी ती सापडली नाही. आपल्याकडे पेपरात कुणाच्याही निधनाची बातमी वाच. गेलेली प्रत्येक बाई मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीची असते, आणि तिच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा परिवार असतो. तू ग्रीक आजीला तीच बातमी इंग्रजीत लावते आहेस.

विशेषणं खोड. सगळी. मग जे उरेल ते वाच. काहीच उरलं नाही, तर काम तिथून सुरू होतं.

रविवारी चर्चमध्ये फादर तिचं फक्त नाव घेतील. ‘एओनिया इ म्निमि’, म्हणजे तिची स्मृती चिरंतन राहो, असं तीनदा म्हटलं जाईल, कोलिवा, म्हणजे शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद, वाटतील, आणि मग एकेक म्हातारी तुझा हात धरून म्हणेल, तिची आठवण ठेवायला तुम्ही जगा. आठवण कशाची ठेवायची, सागराची?

मला काय आठवतं ते सांगते, तसंच उचलायला नको, नमुना म्हणून घे. रेल्वेच्या पट्ट्यालगत उगवलेला माठ ती प्लास्टिकच्या पिशवीत खुडून आणायची. उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. मी तीच भाजी लसूण-मिरची घालून परतायचे, ते तिला मुळीच पटायचं नाही, ‘जाळलीस’ म्हणायची. नवरात्रात मी उपास करते हे कळल्यावर तिने विचारलं, तेल चालतं का? चालतं म्हटल्यावर, हा कसला उपास, असा चेहरा केला. त्यांच्या ईस्टरआधीच्या उपासात कितीतरी दिवस तेलही वर्ज्य असतं. तिला ‘श्रद्धाळू’ म्हणून मोकळी होऊ नकोस, तो चेहरा सांग.

पाव ती कधी फेकायची नाही, हे तू ‘काटकसरी’ या एका शब्दात उरकलं आहेस. बाई सीरोस बेटावरची. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन-इटालियन ताब्यातल्या ग्रीसमध्ये माणसं उपासमारीने मेली, आणि सीरोसला त्याची फार मोठी झळ बसली. तेव्हा ती चार वर्षांची होती. याला काटकसर म्हणतात का? खोड.

‘कष्टाळू’सुद्धा खोड. ती मेलबर्नच्या कॉलिंगवूड भागात बुटांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची, हे लिही. ती आली तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात बाईचा मूळ पगार पुरुषाच्या ७५ टक्के ठरवलेला होता, समान कामाला समान पगार हा निवाडा १९६९ मध्ये आला, हे लिही. तिचा उजवा अंगठा वाकडा का होता ते तुझ्या आईला विचार. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. विचारायचं तुला आहे.

आता तुझा खरा प्रश्न. तुझे थिओ, म्हणजे यायाचा मुलगा, म्हणतात, तिच्या लग्नाची गोष्ट काढू नकोस, चारचौघांत शोभत नाही. मी तो प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. अगं, त्या गोष्टीवर तर तुमचं घर उभं आहे! ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसमधल्या १९५२ च्या स्थलांतर करारानंतर ग्रीसमधून पुरुष इकडे भराभर आले, बायका कमी पडल्या. मग फोटो पाठवून लग्नं जुळू लागली. १९५७ मध्ये ‘बेगोना’ नावाची बोट ग्रीसच्या पिरेयस बंदरातून निघाली, तिच्यात सुमारे ९०० नवऱ्या मुली होत्या. त्यांतली एक तुझी याया, विशीची. मेलबर्नच्या धक्क्यावर उतरली, फोटोतला माणूस फोटोपेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा निघाला, आणि ती त्याला नाही म्हणाली. इंग्रजीचा शब्द येत नव्हता, परतीचं भाडं नव्हतं, तरी नाही म्हणाली. वर्षभराने तिने तुझ्या पापूंशी, म्हणजे आजोबांशी, लग्न केलं, ते स्वतः बघून. यात लाज कसली? थिओंना ती आई म्हणून हवी आहे, पाटावर बसवलेली. त्यांचं दुःख मला कळतं. पण बोलणारी तू आहेस.

आणि हो, हे सांगण्याचा अधिकार मला आहे. माझी आई सांगलीत खानावळ चालवायची. ती गेली तेव्हा भावाने बातमी दिली: प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी. मी हटून बसले. उधारी ठेवून पळालेल्या पोरांच्या गावी एसटीने जाऊन ती पैसे वसूल करायची, हे छापा म्हटलं. भाऊ म्हणाला, आईची अब्रू घालवतेस. ते छापून आलं नाही. तेराव्याला मी ते सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. उधारीच्या वह्या त्याने रद्दीत घातल्या, त्यात तिचं अक्षर होतं. ते मला अजून सलतं. पण बोलले त्याचं वाईट वाटत नाही. त्या दिवशी तिच्या खानावळीत जेवलेला एक म्हातारा उठून म्हणाला, माझ्याही घरी आल्या होत्या, माझ्या आईच्या हातचा चहा पिऊन गेल्या. ‘मनमिळाऊ’ ऐकून कोण उठलं असतं? भावालाही हे कळलं असणार. कबूल करणार नाही, तो भाग वेगळा.

तर टिपण बाजूला ठेव. बोटीच्या उतारूंच्या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतात, बेगोनाची यादी माग. तिचं माहेरचं नाव कसं लिहिलंय ते बघ. अंगठ्याचं आईला विचार. थिओंना आधी जाऊन सांग की तू लग्नाचं बोलणार आहेस. परवानगी मागू नकोस, नुसतं सांग. सभागृहात कळलं तर त्यांना फार लागेल, आणि तेवढं मात्र तू टाळू शकतेस.

शनिवारी कोलिव्याचे गहू शिजवायला मी येते. रात्रभर पंच्यावर पसरून कोरडे केले नाहीत तर वरची पिठीसाखर ओली होते, तुझ्या आईला घाई असते. डाळिंब मी आणीन. त्याआधी थॉर्नबरीच्या त्या आजींना फोन कर, बोटीत यायाच्या शेजारच्या बर्थवर होत्या त्यांना. दुपारी कानातलं यंत्र काढून झोपतात, म्हणून अकराच्या आत कर. आणि बोलू दे त्यांना, मध्ये तोंड घालू नकोस.

शेजारची मावशी