ग्वाल्हेरला राज्य सरकारच्या खात्यात लेखा शाखेचा प्रमुख म्हणून रुजू होतोय. पहिल्या महिन्यात कशाला हात घालू?

आधी खर्चाच्या ताळमेळाला हात घाला, बैठका आणि टेबलांची फिरवाफिरव नंतर. इकडे त्याला 'मिलान' म्हणतात: तुमच्या नोंदीतला खर्च आणि राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखाकार कार्यालयाने लेखाशीर्षनिहाय (म्हणजे खर्चाच्या प्रत्येक वर्गाला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे) धरलेला खर्च जुळतो का, ते बघायचं. ते कार्यालय गावातच, झाशी रोडला आहे. माणूस न पाठवायला सबब नाही. मी सोळा वर्षं हेच काम केलंय. फरक सापडतो तो बहुतेकदा लेखाशीर्षातला एखादा आकडा चुकल्यामुळे, आणि एका शीर्षाचा पगार दुसऱ्याच योजनेत पडलेला असतो. ऑगस्टमध्ये कळलं तर एका पत्रात दुरुस्ती होते. मार्चमध्ये कळलं तर अख्खी शाखा रात्री दहापर्यंत बसते आणि चहाचा खर्च तुमच्या खिशातून जातो! माणसांबाबत एवढंच पाळा:

- बिल बनवणारा आणि कॅशबुक लिहिणारा एकच नको, कितीही सज्जन असला तरी.
- साहेबांचा तोंडी हुकूम आला तर फाइलमधल्या नोटशीटवर सही येईपर्यंत बिल कोषालयात (सरकारी पैसे देणाऱ्या कार्यालयात) जाऊ देऊ नका.
- खर्च होणार नाही ती तरतूद वेळेत समर्पित करा, म्हणजे सरकारला परत करा; 31 मार्चला ती तशीही बुडतेच.

केंद्राच्या कार्यालयात जात असाल तर मात्र कोषालयाऐवजी वेतन व लेखा कार्यालय असतं, मिलानही त्यांच्याशीच. रेल्वे आणि संरक्षण खात्याची लेखाव्यवस्था आणखी वेगळी.