राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून बातमी फुटली की जवळच्या माणसांची पार्श्वभूमी का तपासतात? त्यातून फोडणारा खरंच सापडतो का?

क्वचित सापडतो. एरवी सापडतो तो दुसराच कोणीतरी, आणि बहुतेक करून हुद्द्याने लहान. मी सरकारी खात्यात ३२ वर्षं लघुलेखक होतो आणि त्यातली चार वर्षं घरभेदी म्हणून ओळखला जात होतो, तेव्हा माझ्याकडून निष्पक्ष उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

तुमचा प्रश्न अमेरिकेचा आहे म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्ष निक्सनचंच प्रकरण घेतो. माणसाच्या कुळाचं आणि धर्माचं वेड त्याच्याइतकं क्वचितच कोणाला असेल. शिवाय त्यातली एक भानगड थेट आपल्याशी येऊन भिडते. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध चालू. मी पंधरा वर्षांचा. गिरगावात आमच्या चाळीतल्या काचांना तपकिरी कागद डकवलेले, आणि गच्चीवर मोठी माणसं ‘अमेरिकेचं सातवं आरमार निघालंय’ म्हणून खालच्या आवाजात बोलायची. त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये जॅक अँडरसन नावाचा स्तंभलेखक निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर याच्या गुप्त बैठकांची टिपणं छापत होता. बाहेर अमेरिका म्हणत होती की आम्ही कोणाच्या बाजूचे नाही. आत, ३ डिसेंबरच्या बैठकीत, किसिंजर सांगत होता की भारताशी आपण पुरेसे कडक वागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला माझी हजेरी घेताहेत, त्यांना पाकिस्तानच्या बाजूला झुकायचंय. अँडरसनला पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

संशय गेला चार्ल्स रॅडफर्डवर. हा नौदलाचा योमन, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. शॉर्टहँड घ्यायचा, टाइप करायचा, साहेबाची बॅग उचलायची. त्याच्याविरुद्ध पुरावा काय, तर पार्श्वभूमी! हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, अँडरसनही मॉर्मन. हा आधी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत नोकरीला होता, म्हणजे भारताचा कळवळा असणार. तिथे असताना अँडरसनच्या आईवडिलांशी त्याची ओळख झालेली. आणि १२ डिसेंबरला तो अँडरसनबरोबर चिनी हॉटेलात जेवलेला. झालं, जमली कुंडली.

रॅडफर्डला खोटं पकडायच्या यंत्राला जोडला, तासन् तास प्रश्न विचारले. तो रडला, आणि रडता रडता कबूल केली ती भलतीच चोरी. वर्षभराहून जास्त काळ तो किसिंजरच्या माणसांचे कागद चोरून सेनादलप्रमुखांच्या समितीला पोचवत होता. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पोटदुखीचं सोंग घेऊन पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेला, त्या दौऱ्यात हा सोबत होता आणि त्याने किसिंजरची ब्रीफकेस उपसली होती. हे सगळं आधी ॲडमिरल रॉबिन्सन आणि नंतर ॲडमिरल वेलँडर या त्याच्या साहेबांमार्फत त्या समितीचा अध्यक्ष ॲडमिरल मूररपर्यंत जायचं. आणि अँडरसनच्या स्तंभावरून रॅडफर्डकडे पहिलं बोट दाखवलं ते याच वेलँडरने. ज्याच्यासाठी चोरी केली त्यानेच!

मग शिक्षा कोणाला? २१ डिसेंबरला निक्सन, त्याचे खास सहायक हाल्डमन आणि एर्लिकमन, आणि ॲटर्नी जनरल मिचेल बसले आणि प्रकरण दाबायचं ठरलं. रॅडफर्डची बदली ओरेगनला, वर त्याच्या फोनवर पाळत. वेलँडर जहाजावर. मूररला मात्र पुढच्या वर्षी त्याच पदावर पुन्हा नेमलं. अँडरसनला कागद मी दिले नाहीत, हे रॅडफर्ड शेवटपर्यंत सांगत राहिला. अँडरसनने नाव सांगितलं नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझ्या घरातलं भांडण त्याच्यावरूनच आहे.

आता माझी हकिकत. खात्याचं नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे. साल १९८५. जानेवारीत दिल्लीत कुमार नारायण प्रकरण फुटलं होतं. पंतप्रधानांच्या सचिवालयातले स्वीय सहायक सरकारी कागद बाहेर पुरवताना पकडले गेले आणि प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना राजीनामा द्यावा लागला. (हेच पुढे १९९३ मध्ये आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. सचिवाला दुसरी संधी मिळते, स्टेनोला मिळालेली मी तरी पाहिली नाही.) तेव्हापासून मुंबईतसुद्धा प्रत्येक स्टेनोकडे लोक तिरक्या नजरेने बघायला लागले. आमच्याकडे एक तक्ता भरून घेतला, नातेवाईक कुठे नोकरीला आहेत त्याचा. मी बायकोच्या भावाचं नाव लिहिलं नाही. लपवायचं नव्हतं, रकान्यात जागा फक्त आईवडील, भाऊबहीण, बायको-मुलं एवढ्यांनाच होती. मेव्हणा तेव्हा एका मराठी वर्तमानपत्रात बातमीदार होता.

एप्रिलच्या शेवटी साहेबांनी संध्याकाळी साडेसहाला थांबवून घेतलं आणि मे महिन्यातल्या बदल्यांची ४३ नावं सांगितली. मी रेमिंग्टनवर काढली, एक मूळ आणि दोन कार्बन प्रती. सतराव्या नावात माझी चूक झाली, ‘वि. गो.’च्या जागी ‘गो. वि.’ पडलं. साहेबांनी लाल पेनाने ती दुरुस्त केली, पण फक्त मूळ प्रतीवर. मी तिथेच स्वच्छ प्रत काढली. माझ्याकडची कार्बन प्रत त्यांच्यासमोर फाडली. कार्बनपेपर उजेडासमोर धरला की आरशातल्यासारखं उलटं का होईना, सगळं वाचता येतं, म्हणून गोपनीय कामाला आम्ही कोरा कार्बन घ्यायचो आणि काम संपलं की शिपायाच्या देखत जाळायचो. तसा जाळला. दुसरी कार्बन प्रत साहेबांनी चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाले, “ही राहू दे, रात्री बंगल्यावर दाखवून येतो.”

तिसऱ्या दिवशी एका सायंदैनिकात अख्खी यादी आली. त्याच क्रमाने. सतरावं नाव ‘गो. वि.’

मेव्हण्याचा त्या सायंदैनिकाशी काडीचा संबंध नव्हता, पण आमच्या अधीक्षकांना एवढं पुरलं. “कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं,” असं चारचौघांत माझ्या टेबलाशी उभं राहून म्हणाले. मेमो आला: आपले निकटचे नातेवाईक वृत्तपत्र व्यवसायात असल्याची बाब आपण कार्यालयापासून दडवून ठेवली, याबाबत सात दिवसांत खुलासा करावा. यादीबद्दल मेमोत एक शब्द नाही! रॅडफर्डला चर्चमधल्या ओळखीवरून धरलं, मला सोयरिकीवरून.

मला अभिलेख कक्षात बसवलं. तळमजल्यावर, खिडकी नाही, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे आणि झुरळं. डिक्टेशन बंद. मिनिटाला १२० शब्द घेणारा माणूस चार वर्षं गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. गोपनीय अहवालात ‘सचोटी’च्या रकान्यात एकच ओळ, ‘प्रतिकूल काही आढळले नाही’. ती चांगली ओळ नव्हे, सरकारी नोकरीतल्यांना वेगळं सांगायला नको. बढती अकरा वर्षांनी मिळाली.

तर पार्श्वभूमी का तपासतात, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. कागद कुठून कुठे गेला हे बघायला लागलं की वाट वरच्या मजल्यावर जाते, आणि तिथे जायची कोणाची छाती नसते. पार्श्वभूमी बघितली की वाट खाली येते. निक्सनभोवतीच्या लोकांची स्वतःची पार्श्वभूमी बघा ना. हाल्डमन हा वीस वर्षं जाहिरात कंपनीत काढलेला माणूस. प्रवक्ता झिग्लर त्याच कंपनीतला, आणि त्याआधी डिस्नेलँडमध्ये बोटीवरून लोकांना फिरवायचा. एर्लिकमन सिअ‍ॅटलचा जमीनजुमल्याचा वकील, हाल्डमनचा कॉलेजमधला दोस्त. दोघे एकाच पंथाचे. बातमी फुटू नये म्हणून जी ‘प्लंबर’ टोळी उभी केली तिचा क्रोग एर्लिकमनच्याच वकिली कचेरीतला. या सगळ्यांची एकमेकांशी सोयरीक चालते, ती ‘विश्वासू माणसं’. रॅडफर्डचं एक जेवण मात्र कारस्थान!

किसिंजर तर याहून वरचढ. हा स्वतः जर्मनीतून पळून आलेला ज्यू, हार्वर्डचा प्राध्यापक, म्हणजे निक्सनला ज्या ज्या गोष्टींचा संशय यायचा त्या सगळ्या एका अंगावर. कंबोडियावरच्या बॉम्बफेकीची बातमी मे १९६९ मध्ये फुटली तेव्हा त्याच्याच कचेरीतून स्वतःच्या सहायकांची नावं टॅपिंगला गेली. मॉर्टन हाल्परिन त्यात पहिल्यांमधला, का तर आधीच्या सरकारात काम केलेला. तो नोकरी सोडून गेला तरी त्याचा फोन ऐकणं चालूच, २१ महिने. एकूण १७ जणांचे फोन टॅप झाले. निक्सनच पुढे म्हणाला की हाती लागल्या त्या नुसत्या गप्पाटप्पा.

आणि नाव बरोबर असलं तरी काय होतं बघा. १९ ऑक्टोबर १९७२च्या टेपमध्ये हाल्डमन निक्सनला सांगतो की वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीची, माहिती एफबीआयचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट फोडतोय. हे खरं होतं. पण ते कळलं होतं एका खबऱ्याकडून, फेल्टच्या वंशावळीतून नव्हे. यावर निक्सन विचारतो काय, तर तो कॅथलिक आहे का? हाल्डमन म्हणतो, ज्यू. मग दोघांना वाटतं, हां, आता उलगडा झाला. फेल्ट ज्यू नव्हताच! चोराचं नाव हातात असताना हे त्याचं गोत्र विचारत बसले, आणि तेही चुकीचं लावलं. हात मात्र लावला नाही, कारण त्याला सगळं ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मला तळमजला.

मेव्हण्याचं सांगायचं राहिलं. भाऊबीजेला तो दरवर्षी आमच्याकडे येतो. १९८५च्या भाऊबीजेला करंजी मोडता मोडता म्हणाला, “यादी कोणी दिली ते मला ठाऊक आहे भाऊजी, पण सांगणार नाही. आमच्या धंद्यातलं इमान असतं.” मी म्हटलं, नाव नको सांगूस, पण ‘हे नव्हते’ एवढं तर साहेबांच्या कानावर घालशील? तर म्हणाला, आज तुम्ही नव्हता म्हणून सांगायचं, उद्या दुसरा कोणी विचारेल त्याला ‘तो नव्हता’ म्हणायचं, असं करत करत शेवटी उरेल तोच. मग नाव सांगितल्यासारखंच झालं की.

मुद्दा बिनतोड आहे. अँडरसनही रॅडफर्डबद्दल असाच गप्प बसला असणार. पण इमान राखायचं पत्रकाराने आणि तळमजल्यावर बसायचं स्टेनोने, हा कुठला न्याय? चाळीस वर्षं हे चाललंय. बायको आता ओवाळून झालं की आत निघून जाते.

आणि त्याचं दुसरं वाक्य असतं ते मला लागतं. “तुम्ही तरी खुलाशात कुठे लिहिलंत, दुसरी प्रत कोणाच्या खिशात होती ते?” नाही लिहिलं. पहिल्या खुलाशात लिहिलं होतं, सतराव्या नावासकट, आणि रात्री फाडून टाकलं. मोठा मुलगा पहिलीत होता, धाकटी सहा महिन्यांची. दुसऱ्या दिवशी दिला तो खुलासा दीड ओळीचा होता: सदर नातेवाइकांशी मी कार्यालयीन बाबींची चर्चा करीत नाही.

थोडं दुसऱ्या बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर खाली प्रतिक्रियांत कोणीतरी लिहीलच. पार्श्वभूमी तपासूच नये असं माझं म्हणणं नाही. माणूस कर्जात बुडालाय का, कोणाच्या दबावाखाली आहे का, हे संवेदनशील जागी नेमण्याआधी बघावंच. दिल्लीच्या प्रकरणात स्टेनो आणि सहायकच दोषी होते, ते कोर्टात सिद्ध झालं. आणि रॅडफर्ड काही साधुसंत नव्हता, ब्रीफकेस त्याने उपसलीच होती. पण ते नेमणुकीआधीचं काम झालं. बातमी फुटल्यावर पहिल्यांदा कागद मोजावेत. किती प्रती, कोणती चूक कोणत्या प्रतीवर, कोणाच्या खिशात. नातीगोती त्यानंतर.

तुम्ही स्वतः अशा संशयात सापडला असाल (प्रश्नाच्या सुरावरून मला तसं वाटलं), तर खुलासा सविस्तर लिहा, पोचपावती घ्या आणि फाडू नका.

मेव्हण्या, तू हे वाचणार मला माहीत आहे, माझी सगळी उत्तरं वाचतोस. साहेब २०१९ मध्ये गेले. अधीक्षक त्याच्याही आधी. ते सायंदैनिक कधीच बंद पडलं. यंदा ये, करंज्या नेहमीसारख्या असतील. माणसाचं नाव तुझ्याजवळच ठेव. ‘गो. वि.’ कुठल्या कागदावरून छापलं, तेवढं सांग.