लहानपणीच्या कुत्र्याचं चित्र काढायचंय, पण फोटो एकच आणि तोही धूसर, डोळे हिरवे आलेले. नागपुरात राहते. सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा वाघ्या आठवला. नागपुरातच, महाल भागातल्या जुन्या घरी होता, गावठी, विटकरी रंगाचा. त्याचाही फोटो एकच. काकाच्या लग्नात फोटोग्राफरनं रोल संपवायला म्हणून काढलेला.

मी आधी त्या फोटोवर चौकोन आखून जसंच्या तसं उतरवलं. चित्र बरं झालं, पण तो वाघ्या नव्हता. कारण उशिरा कळलं. फोटो उभ्यानं, वरून, अगदी जवळून काढलेला. अशानं डोकं मोठं येतं, पाय आखूड. ती गडबड मी इमानेइतबारे कॅनव्हासवर चढवली होती.

म्हणून फोटोतून फक्त खुणा घ्या: कपाळावरचा ठिपका, छातीवरचं पांढरं. अंग जिवंत कुत्र्यावरून शिका. मी हिवाळ्यात सकाळी फुटाळा तलावावर वही घेऊन बसायचो. ऊन खात पडलेली गावठी कुत्री सहसा जागची हलत नाहीत, फुकटचे मॉडेल! पंधरा-वीस कच्ची स्केचेस झाल्यावर बसलेल्या कुत्र्याचा खांदा कुठून वळतो ते हाताला कळायला लागलं.

डोळ्यांचं म्हणाल, तर कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकाकता थर असतो, फ्लॅश त्यावरून परत येतो. ती हिरवी चमक काढू नका. गडद तपकिरी, मधे काळी बाहुली, आणि उजेड ज्या बाजूनं येतो तिकडे पांढऱ्याचा बारीकसा ठिपका. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. माझा चुकला आणि वाघ्या चकणा झाला, घरचे आठवडाभर हसले.

ॲक्रिलिक (पाण्यात कालवायचे, पटकन सुकणारे रंग) घेणार असाल तर एप्रिल-मे सोडा. 45 डिग्रीत, वरून कूलरचा वारा, पॅलेटवरचा रंग ब्रश धुवून येईपर्यंत सुकतो. अगदीच थांबवत नसेल तर पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढा. काम थांबवलं की झाकण. विटकरीसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). सावलीत ट्यूबमधला काळा घालू नका, चित्र मरतं. बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) अल्ट्रामरीन निळा मिसळा. केस एकेक काढत बसायचं नाही. आधी सपाट रंग, मग नाकावरून कपाळाकडे, तिथून मानेकडे जाणारी केसांची दिशा, उजळ केस अगदी शेवटी आणि मोजकेच.

पण ब्रश धरायच्या आधी घरच्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं. माझ्या मते वाघ्याचा डावा कान पडलेला, भावाच्या मते उजवा. आई म्हणाली, "दोन्ही उभे राहायचे रे, भिजला की पडायचे." फोटोतही नेमका त्या बाजूला अंधार. शेवटी आईचं ऐकलं.

चित्र झाल्यावर भावाला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काय बे, हा कोरडा कसा?" खरंच, उन्हाळाभर वाघ्या कूलरखालीच पडलेला असायचा, वाळ्याच्या ताटीतून गळणारं पाणी पाठीवर घेत. मग पाठीवरचे केस चिकटवले, खाली शहाबादी फरशीवर ओल काढली, आणि दोन्ही कान पाडले.